दोनशे नव्याण्णव वर्षांचा पट्टा

एप्रिल १८४० मध्ये होनोलुलूतला ब्रिटिश कॉन्सल रिचर्ड चार्ल्टन याने हवाईच्या दरबारात एका जमिनीवर हक्क सांगितला. जमीन पुलाहोलाहो नावाची, त्याच्या राहत्या जागेला लागून, बंदराजवळची. आधाराला एक पट्टा होता. त्यावरची तारीख ९ डिसेंबर १८२६, मुदत २९९ वर्षे, आणि देणारा कालानिमोकू, म्हणजे राज्याचा त्या वेळचा मुख्य कारभारी. या कालानिमोकूने इंग्लंडच्या पंतप्रधानावरून स्वतःला विल्यम पिट असे नाव घेतले होते आणि परदेशी व्यापारी त्याला त्याच नावाने हाक मारीत. चार्ल्टनने दावा लावला तेव्हा कालानिमोकूला मरून तेरा वर्षे झाली होती. त्याचा भाऊ बोकी, ओआहू बेटाचा सुभेदार, चंदनाच्या शोधात समुद्रावर गेला तो परतलाच नव्हता. ज्यांच्याकडे खऱ्या अर्थाने त्या जमिनीची व्यवस्था होती त्या राणी काआहुमानूचा १८३२ मध्ये आणि तिच्यामागून कारभार पाहणाऱ्या किनाऊचा १८३९ मध्ये मृत्यू झाला होता. थोडक्यात, कागद बोलू लागला तो त्याला उलट उत्तर देऊ शकणारी माणसे गेल्यावर. मधल्या काळात त्या जागेवर स्थानिक कुटुंबे घरे बांधून राहत होती आणि चार्ल्टनने त्यांना कधी हटकले नव्हते. राजा तिसरा कामेहामेहा याने दावा फेटाळला. त्याचे म्हणणे साधे होते, की ही जमीन द्यायचा अधिकारच कालानिमोकूला नव्हता.

एवढ्याशा भूखंडाच्या तंट्यातून तीन वर्षांत एक राज्य पाच महिन्यांपुरते नाहीसे झाले. पुढच्या दहा वर्षांत त्या राज्यातली जमीनधारणेची शेकडो वर्षांची रीत मोडली आणि तिच्या जागी खरेदीखताची रीत आली. या दोन घटनांमधला दुवा दाखवणे हे या पुस्तकाचे काम आहे. हवाईचा इतिहास सांगताना मिशनरी, ऊस आणि १८९३ चे बंड यांच्यावर पाने खर्च होतात. व्यापाऱ्यांचे जमिनीचे दावे तळटिपेत जातात. माझ्या मते खरी गोष्ट त्या तळटिपेतच आहे. हवाईची जमीन लढाईत गेली नाही आणि फसवणुकीत गेली असेही सरसकट म्हणता येत नाही. ती वाचवण्यासाठी जे जे उपाय केले, त्या उपायांच्या वाटेनेच ती गेली.

आधी जुनी रीत. प्रत्येक बेटाचे मोठे विभाग, त्यांच्यात अहुपुआआ नावाचे पट्टे. बहुतेक अहुपुआआ डोंगराच्या माथ्यापासून समुद्रातल्या खडकांपर्यंत उतरणारे, म्हणजे वरचे लाकूड, मधल्या ओढ्यावरची तारो या कंदाची खाचरे आणि खालची मासळी हे सगळे एकाच हद्दीत. अहुपुआआचा कारभार कोनोहिकी पाही, त्याच्यावर सरदार, सरदारावर राजा. कसणारी रयत वर तारो, मासळी, कापड आणि श्रम देई. नवा राजा गादीवर आला की जमिनींची नव्याने वाटणी होई. तिथे जमीन कोणाच्या मालकीची आहे असा प्रश्न विचारला तर त्याला एक उत्तर नव्हते, कारण एकाच खाचरावर चौघांचे हक्क एकावर एक बसलेले असत आणि त्यांतला कोणीही ते विकू शकत नसे. १८४० च्या राज्यघटनेने ही गोष्ट लिहूनही ठेवली. जमीन पहिल्या कामेहामेहाची होती, पण ती त्याची खाजगी मालमत्ता नव्हती. सरदारांची आणि रयतेची मिळून होती आणि राजा त्यांच्या वतीने ती सांभाळत होता.

या रीतीत परदेशी माणसाला जागा नव्हती असे नाही. जॉन यंग आणि आयझॅक डेव्हिस हे दोघे खलाशी कामेहामेहाचे तोफखान्यातले सल्लागार झाले आणि सरदारांसारख्या जमिनी उपभोगू लागले. स्पॅनिश फ्रान्सिस्को दे पाउला मारिन याने होनोलुलूत द्राक्षमळा लावला. तिथल्या एका रस्त्याचे नाव आजही त्या मळ्यावरून आहे. अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मलेला अँथनी ॲलन वाइकिकीजवळ काही एकर जमीन करून सुखाने राहिला. या सगळ्यांना जमीन मिळाली ती सेवेबद्दल, मर्जीने, आणि मर्जी असेपर्यंत. त्यांनी इथल्या बायका केल्या, इथल्या सरदाराला मान दिला, इथेच मेले. यंगचा एक मुलगा तर पुढे परदेश्यांचे दावे तपासणाऱ्या आयोगावर बसला. ही पिढी जमिनीवर राहत होती. नंतरच्या पिढीला ती हिशेबाच्या वहीत हवी होती.

फरक पाडला तो उधारीने. १८१० नंतर हवाईच्या डोंगरांतले चंदन कँटनच्या बाजारात जाऊ लागले आणि न्यू इंग्लंडचे व्यापारी सरदारांना माल उधार देऊ लागले: कापड, फर्निचर, दारू, जहाजे. दुसऱ्या कामेहामेहाने १८२० मध्ये ‘क्लिओपात्राज बार्ज’ नावाची एक शौकीन नौका घेतली, किंमत आठ हजार पिकल चंदन. पिकल म्हणजे सुमारे साठ किलो. चार वर्षांत ती काउआई बेटाच्या हानालेई उपसागरात खडकावर फुटली. चंदन संपत चालले, उधारी राहिली. १८२६ मध्ये अमेरिकी आरमाराचा कप्तान टॉमस ॲप केट्सबी जोन्स ‘पीकॉक’ जहाज घेऊन आला आणि सरदारांची वैयक्तिक देणी राज्याची देणी म्हणून मान्य करवून गेला. ती फेडायला प्रत्येक पुरुषावर अर्धा पिकल चंदन किंवा चार स्पॅनिश डॉलर असा कर बसला. माणसे तारोची खाचरे सोडून महिनोन्महिने डोंगरात चंदन तोडत राहिली. व्यापाऱ्यांना यातून एक धडा मिळाला आणि तो ते विसरले नाहीत. इथे वसुली कचेरीतून होत नाही, बंदरात उभ्या राहिलेल्या लढाऊ जहाजातून होते.

चंदनानंतर देवमाशांची शिकार आली. १८४६ साली हवाईच्या बंदरांत पाचशेहून अधिक शिकारी जहाजे येऊन गेली. त्यांना पाणी, बटाटे, गोमांस, दोर, शिडाचे कापड लागे. ते पुरवणाऱ्याला वखार लागे, आणि वखारीखालच्या जमिनीची खात्री लागे. बोस्टनच्या सावकाराने एक साधा प्रश्न विचारला, वखार तारण ठेवता येते का, तर होनोलुलूच्या व्यापाऱ्याकडे उत्तर नसे. त्याची ही अडचण खरी होती आणि ती नाकारून हा इतिहास समजणार नाही. पण तिच्यावरचा तोडगा त्याला दोन्ही बाजूंनी हवा होता. मालकी हवाईच्या राजाने द्यावी आणि तक्रार मात्र आपापल्या देशाच्या कॉन्सलने ऐकावी. १८३६ मध्ये लॉर्ड एडवर्ड रसेल या ब्रिटिश कप्तानाने जो करार घडवला त्यात ब्रिटिश प्रजेला राजाच्या संमतीने घर बांधण्याची मुभा मिळाली, पण खालची जमीन राजाचीच राहिली. व्यापाऱ्यांना तेवढ्यावर थांबायचे नव्हते.

चार्ल्टनचा स्वभाव कळायला १८२९ मधली एक हकिकत पुरेशी आहे. त्याची गाय एका शेतकऱ्याच्या पिकात शिरली, शेतकऱ्याने तिच्यावर गोळी झाडली. चार्ल्टनने आणि अमेरिकेचा प्रतिनिधी जॉन कॉफिन जोन्स याने मिळून त्या माणसाच्या गळ्यात दोर बांधून त्याला घोड्यामागे फरफटत नेले. पोरसवदा तिसऱ्या कामेहामेहाने त्यावर ७ ऑक्टोबर १८२९ रोजी फर्मान काढले, की या राज्याचे कायदे इथल्या परदेश्यांनाही लागू आहेत. कुंपण कोणाचे आणि गुरे कोणाची, हा त्या राज्याच्या सार्वभौमत्वाचा पहिला प्रश्न ठरला, यात नवल नाही. व्यापाऱ्यांच्या कुरापतींत चतुःसीमेचा वाद कुठेतरी असतोच.

चार्ल्टनचा दावा हा भांडखोर माणसाचा दावा म्हणून सोडून देता आला असता. लॅड आणि कंपनीचे तसे नाही. विल्यम लॅड, पीटर ब्रिन्समेड आणि विल्यम हूपर हे तिघे न्यू इंग्लंडचे धर्मभीरू व्यापारी १८३३ मध्ये आले. मिशनऱ्यांशी त्यांचे सख्य होते आणि दारू विकणाऱ्यांत ते नव्हते. १८३५ मध्ये त्यांना काउआई बेटावर कोलोआ इथे ९८० एकर जमीन पन्नास वर्षांच्या पट्ट्याने मिळाली, वर्षाला ३०० डॉलर भाड्याने. हवाईत जमिनीचा पहिला रीतसर मोठा पट्टा तो हाच. त्यातले एक कलम वरवर दयाळू दिसते. मळ्यावर मजुरी करणाऱ्याला आपल्या सरदाराची वेठ माफ. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की त्या हद्दीपुरती सरदार आणि रयत यांची जुनी गाठ कंपनीने पैसे भरून सोडवली. मजुरी दिवसाला साडेबारा सेंट, तीही कंपनीच्या दुकानात चालणाऱ्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांत. बेटावरच्या सरदारांना हे रुचले नाही आणि सुरुवातीला त्यांनी जमेल तेवढा अडथळा केला.

ऊस झाला, साखर झाली, पण नफा होईना. तेव्हा कंपनीने जमिनीकडे वेगळ्या नजरेने पाहिले. नोव्हेंबर १८४१ मध्ये राजाकडून तिने एका गुप्त करारावर सही मिळवली. बेटांवरच्या पडीक जमिनी पट्ट्याने घेण्याचा अधिकार तिला, आणि अट अशी, की मोठ्या सत्तांकडून हवाईच्या स्वातंत्र्याला मान्यता मिळाली तरच तो अमलात यावा. राजाने तो का केला असेल? मला त्यात भोळेपणा दिसत नाही. ज्याला जमिनीतून पैसा कमवायचा आहे तो व्यापारीच आपल्या स्वातंत्र्यासाठी वॉशिंग्टन, लंडन आणि पॅरिसचे उंबरे झिजवील, असा हिशेब त्यामागे होता. ब्रिन्समेडने हा करार युरोपात नेऊन एका बेल्जियन वसाहत कंपनीला विकायचे ठरवले. मे १८४३ मध्ये ब्रुसेल्समध्ये हवाईच्या वकिलांच्या साक्षीने त्यावर सह्या झाल्या, आणि नेमक्या त्याच वेळी होनोलुलूच्या किल्ल्यावर ब्रिटिश झेंडा होता. बेल्जियन भांडवल आले नाही. कंपनी बुडाली. १८४६ मध्ये तिने हवाई सरकारवरच ३,७८,००० डॉलरची भरपाई मागितली आणि प्रकरण लवादापुढे गेले. त्या सुनावणीचे छापील बाड आज वाचायला मिळते, आणि व्यापारी मनाचा इतका उघडा दस्तऐवज मला दुसरा माहीत नाही. न कसलेल्या जमिनीच्या न झालेल्या नफ्याचा हिशेब त्यात सेंटपर्यंत मांडला आहे. शेवटी दावेदारांनीच लवाद अर्ध्यावर सोडला.

आता त्या ब्रिटिश झेंड्याकडे. १८४२ मध्ये चार्ल्टन लंडनला तक्रार घेऊन निघाला आणि जागेवर ॲलेक्झांडर सिम्पसनला बसवून गेला. फेब्रुवारी १८४३ मध्ये लॉर्ड जॉर्ज पॉलेट ‘कॅरिसफोर्ट’ ही फ्रिगेट घेऊन बंदरात आला. त्याच्या मागण्यांत चार्ल्टनची जमीन होतीच. पुरी न होणारी मागणी पुरी करण्यापेक्षा राजाने २५ फेब्रुवारीला निषेध नोंदवून राज्यच तात्पुरते सोपवले आणि दाद लंडनला मागितली. पॉलेटने कारभारासाठी नेमलेल्या आयोगाने हवाईचे झेंडे गोळा करून नष्ट केले आणि पुलाहोलाहोवरच्या १५६ रहिवाशांना घरांबाहेर काढले. राजाचा मंत्री, मूळचा मिशनरी डॉक्टर जेरिट जड, सरकारी दप्तर घेऊन राजघराण्याच्या समाधिगृहात लपला. रात्री काआहुमानूच्या शवपेटीचे मेज करून तो पत्रे लिहीत असे. ही गोष्ट ऐकीव नाटकासारखी वाटते, पण त्याच्या कुटुंबीयांनी ती नोंदवून ठेवली आहे. त्याच दिवसांत एका इंग्रज व्यापाऱ्याच्या दुकानात हर्मन मेलव्हिल नावाचा पळून आलेला अमेरिकी खलाशी कारकुनी करीत होता. पुढे ‘टायपी’च्या परिशिष्टात त्याने पॉलेटची बाजू घेतली. मोठ्या लेखकाचा न्यायही कधी कधी मालकाच्या गल्ल्यावरून ठरतो.

३१ जुलै १८४३ रोजी रिअर ॲडमिरल रिचर्ड थॉमसने राज्य परत केले. तो दिवस हवाईत अजून साजरा होतो. जमिनीचा दावा मात्र परत गेला नाही. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री लॉर्ड ॲबर्डीन यांनी प्रश्न असा आवळून ठेवला, की पट्ट्याचा कागद अस्सल असेल तर चार्ल्टनला ताबा द्यावा. हवाई सरकारचा आक्षेप सहीबद्दल नव्हता, सही करणाऱ्याच्या अधिकाराबद्दल होता. त्यांच्या रीतीत राणीच्या ताब्यातली जमीन कारभारी तीनशे वर्षांसाठी देऊच शकत नव्हता. पण तो प्रश्न ऐकलाच गेला नाही. कागद खरा की खोटा, एवढेच तपासले गेले, आणि १८४० चे दशक संपायच्या आत पुलाहोलाहो चार्ल्टनच्या पदरात पडून पुढे विकलेही गेले. या सबंध पुस्तकात मी जिथे सर्वांत जास्त थांबलो आहे ती जागा ही. दावा कुठल्या प्रश्नाने तपासायचा, हे ज्याच्या हातात, निकालही त्याच्याच हातात. चार्ल्टन सगळीकडेच जिंकला असे मात्र नाही. कॅप्टन जॉन डॉमिनिसशी झालेल्या दाव्यात त्याला एक जागा सोडावी लागली. डॉमिनिसने तिथे मोठे घर उठवायला घेतले, ते पुरे होण्याआधी १८४६ मध्ये तो समुद्रात नाहीसा झाला, आणि त्या घरात पुढे त्याची सून राहिली. ती म्हणजे हवाईची शेवटची राणी लिलिउओकालानी.

या फटक्यानंतर दरबाराने काढलेला निष्कर्ष तर्काला धरून होता. दावे परक्या कचेरीत तपासले जाऊ नयेत, तर आपली कचेरी हवी. १० डिसेंबर १८४५ च्या कायद्याने जमिनीचे हक्क निकाली काढणारा आयोग स्थापन झाला. अध्यक्ष विल्यम रिचर्ड्स, सोबत जॉन पापा ई यांच्यासारखे हवाईयन आणि ॲटर्नी जनरल जॉन रिकर्ड. दावा दाखल करायची मुदत १४ फेब्रुवारी १८४८. सुरुवातीच्या कामात होनोलुलूच्या परदेश्यांच्या जागाच जास्त होत्या. रयतेला यातला धोका आधीच कळला होता. १८४५ मध्येच लाहाइना, कोना आणि इतर ठिकाणांहून हजारो सह्यांचे अर्ज राजाकडे आले होते. परदेश्यांना मंत्री करू नका, त्यांना जमिनी विकू नका. जुन्या विद्येचा जाणकार डेव्हिड मालो त्या हालचालीत होता. दरबाराचे उत्तर असे, की परदेश्यांशी वागायला परदेश्यांचे कायदे जाणणारी माणसे लागतात. दोन्ही बाजू वाचताना मला वाटते, की अर्जदारांना परिणाम बरोबर दिसत होता आणि दरबाराला कारण बरोबर दिसत होते. त्यांची गाठ पडली नाही.

पण परदेश्याच्या दाव्याला हो किंवा नाही म्हणायचे तर खालची जमीन नक्की कोणाची हे आधी ठरायला हवे. म्हणून २७ जानेवारी ते ७ मार्च १८४८ या काळात राजा आणि सुमारे अडीचशे सरदार यांच्यात वाटणी झाली. हीच माहेले. एका मोठ्या वहीत एका पानावर राजाच्या जमिनी, समोरच्या पानावर सरदाराच्या, खाली सह्या. दुसऱ्याच दिवशी राजाने आपल्या वाट्याचे पुन्हा दोन भाग केले. सुमारे ९,८४,००० एकर स्वतःकडे, आणि जवळपास पंधरा लाख एकर सरकारला. सोळा लाख एकर सरदारांकडे गेले. रयतेला दाव्यांमधून मिळाले ते तीस हजार एकरांहूनही कमी. सुमारे चौदा हजार अर्ज आले, आठ हजारांवर मंजूर झाले. मोजणीची फी भरायची, साक्षीदार आणायचे, आणि तेही १८४८-४९ च्या गोवर आणि डांग्या खोकल्याच्या साथीत, जेव्हा साक्षीदारच मरत होते. १८५३ च्या जनगणनेत बेटांवर जेमतेम त्र्याहत्तर हजार माणसे उरली होती, आणि त्यांत परदेशी दोन हजारांच्या आसपास.

त्या दोन हजारांसाठी १० जुलै १८५० रोजी कायदा झाला, की परदेशी माणूस, नागरिकत्वाची शपथ न घेताही, जमिनीचा पूर्ण मालक होऊ शकतो. शपथ हा व्यापाऱ्यांचा जुना काटा होता. ती घेतली की कॉन्सल आणि त्याचे लढाऊ जहाज दोन्ही सुटत. आता ती अडचण राहिली नाही. रयतेच्या हक्काचा कुलेआना कायदा आला ६ ऑगस्टला. तसा ठराव डिसेंबर १८४९ मध्येच झाला होता, पण कायद्याच्या पुस्तकात खरेदीदार कसणाऱ्याच्या सत्तावीस दिवस आधी शिरला. त्याच साली डॉक्टर जडने कुआलोआची ६२२ एकर जमीन राजाकडून १,३०० डॉलरला घेतली. १८६४ मध्ये सिंक्लेअर कुटुंबाने निइहाऊ हे अख्खे बेट दहा हजार डॉलरला विकत घेतले; ते आजही त्यांच्या वंशजांकडे आहे. हे व्यवहार राजीखुशीचे होते, कागद चोख होते. इथे चार्ल्टनसारखा जुना पट्टा उकरून काढायची कोणालाच गरज उरली नव्हती.

तिसऱ्या कामेहामेहाला यासाठी दोष देणारे लेखन बरेच आहे. मी त्या बाजूचा नाही. डिसेंबर १८४७ च्या त्याच्या सल्लामसलतींत एक विचार स्पष्ट दिसतो. उद्या कोणी मोठी सत्ता मुलूख घेईल तर ती सरकारी जमीन घेईल, खाजगी मालमत्तेला हात लावणार नाही. तेव्हा आपली जमीन खाजगी करून ठेवावी. पॉलेटच्या पाच महिन्यांतून गेलेल्या माणसाचा हा विचार आहे. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय रिवाजाप्रमाणे तो अचूकही होता.

तो पुढे कसा उलटला हे शेवटच्या दोन प्रकरणांत आहे. नंतरच्या राजांनी राजजमिनी विकून आणि गहाण टाकून कमी केल्या, म्हणून १८६५ मध्ये कायदा झाला, की या जमिनी विकता येणार नाहीत, त्या गादीबरोबर चालतील. हेही रक्षणच. साखरेचा बादशहा क्लॉस स्प्रेकल्सने राजकन्या रूथ केएलिकोलानी हिचा राजजमिनींवरचा संशयास्पद हक्क दहा हजार डॉलरला विकत घेतला. तो कोर्टात टिकला नसता असे बहुतेक कायदेपंडितांचे मत होते. तरी तो सोडून देण्याच्या बदल्यात १८८२ मध्ये त्याला माउईवरचा वाइलुकू हा २४,००० एकरांचा अहुपुआआ मिळाला. चार्ल्टनला निदान फ्रिगेट लागली होती. १८९३ मध्ये राणीला पदच्युत करणाऱ्यांनी राजजमिनी सरकारी ठरवल्या आणि १८९८ मध्ये अमेरिकेत विलीन होताना अठरा लाख एकर तिच्या हवाली केले. लिलिउओकालानीने भरपाईसाठी दावा लावला. १९१० मध्ये कोर्ट ऑफ क्लेम्सने निकाल दिला, की या जमिनी राणीच्या नव्हत्या, गादीच्या होत्या, आणि गादी आता नाही. निकालाचा मुख्य आधार १८६५ चा तोच कायदा.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल दोन शब्द. पहिली तीन प्रकरणे दाव्यांची आहेत, चौथे आयोगाच्या दप्तराचे. त्या दप्तरात स्थानिक आणि परदेशी दाव्यांच्या वह्या वेगळ्या, साक्षींच्याही वेगळ्या. मी शक्य तिथे दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या आहेत, कारण परदेश्याच्या भूखंडाची हद्द बरेचदा शेजारच्या हवाईयनाच्या जबानीतच नीट सांगितलेली सापडते. हवाईयन नावे उच्चाराच्या शक्य तितकी जवळ लिहिली आहेत. क्षेत्र एकरात आणि रक्कम त्या काळच्या डॉलरात ठेवली आहे, आजच्या किमतीत बदललेली नाही.